आमची भाची गिधाडे मोजते

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. रात्रीची जेवणे उरकून मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढणार, तोच ठाण्याहून ताईचा फोन आला. आमच्या ताईची एक रीत आहे. बातमी चांगली असली की ती आधी हवापाण्याची चौकशी करते, आणि वाईट असली की एकदम मुद्द्यावर येते. या खेपेस तिने नमनाला थेंबभरही तेल खर्च केले नाही.

"अरे, तुझी भाची बँकेची नोकरी नको म्हणतेय. गिधाडं मोजायला जाते म्हणे! तू रविवारी ये आणि तिला दोन शब्द सांग. एवढा प्राध्यापक झालास ना?"

मराठीचा प्राध्यापक हा आमच्या नात्यागोत्यात तीन कामांसाठी राखून ठेवलेला असतो. बारशाला नाव सुचवणे, लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ सुधारणे आणि हाताबाहेर चाललेल्या मुलांना दोन शब्द सांगणे. पहिल्या दोन कामांत माझा हात बरा बसला आहे. तिसऱ्यात अद्याप यश आलेले नाही. तरीही रविवारी सकाळची गाडी पकडून मी ठाण्याला गेलो, कारण प्रकरण हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. भावोजींचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला. तेव्हापासून घर ताईच्या शाळेतल्या पगारावर चालते, आणि त्यातला मोठा लचका घराच्या कर्जाचा हप्ता तोडतो. मुलगी प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाली, बँकेची परीक्षा दिली, पास झाली. नेमणुकीचे पत्र देव्हाऱ्याजवळ ठेवलेले होते. त्याला हळदकुंकूही लागले होते. आणि या मुलीला हवी होती एका अभ्यासप्रकल्पातली वर्षभराची तात्पुरती जागा. तेवढ्यात अनुभव घ्यायचा, प्रवेशपरीक्षेची तयारी करायची आणि मग डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगलोरला एम.एस्सी.ला जायचे, असा तिचा बेत.

मी घसा साफ करून सुरुवात केली, "अगं, जंगलाची आवड असेल तर वनखात्याची परीक्षा दे. सरकारी नोकरी, राहायला बंगला, दाराशी जीप."

"मामा, ते वेगळं," ती म्हणाली. "वनाधिकारी जंगल राखतो. मला त्यात काय चाललंय ते शोधून काढायचंय."

हा फरक मला ठाऊक नव्हता. आणि तो ठाऊक नसणारा मी एकटाच नसेन, अशी मनाची समजूत घालून मी तिला विचारले, की बाई, मग या कामात माणूस दिवसभर करतो तरी काय?

तिने सांगितले ते असे. जंगलात एक सरळ रेषा आखायची. पहाटे तिच्यावरून मुकाट्याने चालत जायचे. सांबर दिसले, चितळ दिसले, की किती दिसली, रेषेपासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात, हे टिपायचे. जवळची दिसतात, लांबची निसटतात. किती निसटली असतील हे गणिताने काढायचे. तीच रेषा पुन्हा चालायची, पुन्हा पुन्हा चालायची. रानकुत्र्याची विष्ठा गोळा करून, धुऊन, तिच्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याने काय खाल्ले ते ठरवायचे. वाघाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना आपोआप चालणारे कॅमेरे बांधायचे. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात, म्हणून छायाचित्रांवरून वाघ ओळखता येतो. नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंथ यांनी 1990 नंतर ही रीत आपल्याकडे रुजवली. त्याआधी वाघ पायांच्या ठशांवरून मोजत, आणि कागदावर वाघ नांदत असताना सारिस्काच्या जंगलात एकही उरला नसल्याचे 2005 साली उघडकीला आले, तेव्हा ठशांचा तो हिशेब सगळ्या देशाला कळला.

"आणि हे सगळं करून झालं की वर्षातले सहा महिने खोलीत बसून आकडेमोड," ती म्हणाली. "लोकांना वाटतं, आम्ही हरणांच्या मागे बागडत असतो."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "म्हणजे बँकेतलंच काम की! फक्त डास जास्त आणि पगार कमी," ती म्हणाली.

आता मला माझी हुकमी सोंगटी काढणे भाग होते. मी सलीम अलींचे नाव काढले. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली नोकरी सोडून ते बर्लिनला स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकायला गेले, आणि 1930 साली परतले तर त्यांच्यासाठी जागाच उरलेली नव्हती. मग राहायला गेले अलिबागेजवळ किहीमला. तिथे बेकारीच्या दिवसांत सुगरणीची घरटी पाहत बसले, आणि त्या बसण्यातून असा निबंध निघाला की जगाने नाव घेतले. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी येऊन ते पसंत करते, मग तो ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे बांधायला घेतो, हा सुगरणीचा संसार त्यांनी उलगडून दाखवला. 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले. पुढे पद्मविभूषण झाले.

मी हे भाचीच्या बाजूने बोललो की ताईच्या, ते मलाही कळेना. पण ताईने त्याची वासलात एका वाक्यात लावली.

"सलीम अली एकच झाले. त्या वाटेनं गेलेले बाकीचे किती उपाशी राहिले, त्यांची मोजदाद कोणी केलीय का?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. भाचीपाशीही नव्हते, आणि तिने ते कबूल केले. प्रकल्प दोन-तीन वर्षांचे असतात, पैसा संपला की काम संपते, कायमच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, जंगलात शिरण्याच्या परवानगीसाठी महिनेच्या महिने थांबावे लागते, हे सगळे तिनेच सांगितले. ती फसवीत नव्हती, हे मला आवडले आणि ताईला अधिकच खुपले.

मग गाडी गिधाडांवर आली.

इथे मला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे. मी तेंडुलकरांचे 'गिधाडे' वर्गात शिकवतो. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाच्या नावावर मी वर्षानुवर्षे एक संपूर्ण तास घेत आलो आहे. गिधाड म्हणजे लोभ, गिधाड म्हणजे मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारी वृत्ती, वगैरे. तीन-चार वर्षांपूर्वी असाच रंगात येऊन मी वर्गाला विचारले, "तुमच्यापैकी गिधाड कोणी पाहिलं आहे?" साठ मुलांत एकही हात वर झाला नाही. एकाने चित्रपटात पाहिले होते. ज्याची उपमा द्यायची ती वस्तूच मुलांनी पाहिलेली नाही, तर उपमा कळायची कशी? त्या दिवशी तास लवकर सोडला आणि पुढे ते विसरूनही गेलो.

आम्ही बहीणभावंडांनी मात्र गिधाडे पोटभर पाहिली होती. आमचे आजोळ सातारा जिल्ह्यात. गावाबाहेर ओढ्यापलीकडे मेलेली जनावरे टाकायची जागा होती. दुपारी बैल टाकला की आभाळात आधी एक ठिपका दिसे, मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतके. तिन्हीसांजेला तिथे नुसता सांगाडा. ताई नाकाला पदर लावायची हौस म्हणून परकराचा सोगा लावून उभी राही, आणि मी दगड मारायचो. गिधाडे मुळीच उडत नसत. जडशीळ पावले टाकत दोन हात सरकायची आणि पुन्हा कामाला लागायची.

देशात त्या काळी गिधाडे कोटींनी होती. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचे गिधाड हजारी नऊशे नव्व्याण्णव या हिशेबाने नाहीसे झाले. लांब चोचीची शंभरांतली सत्त्याण्णव गेली. एवढ्या थोड्या वेळात एवढे पक्षी गेल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत. आणि ही गोष्ट आपल्या डोक्यावरच्या आभाळात घडत असताना आपण, म्हणजे मी, काय करीत होतो? बी.ए. आणि एम.ए. करीत होतो.

एका माणसाच्या मात्र ती लक्षात आली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश 1980 नंतरच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. गिधाडांना धोका आहे अशी शंकाही तेव्हा कोणाला नव्हती. तरी त्यांनी गिधाडांची घरटी मोजून ठेवली. साडेतीनशेहून अधिक भरली. पुढे 1996च्या सुमारास ते पुन्हा तिथे पाहू लागले, तर निम्मीही नव्हती. झाडांवर, झुडपांत मेलेली गिधाडे लोंबत होती. जिवंत होती ती मान खाली टाकून तासन् तास बसून राहत. आणखी चार वर्षांनी तिथे घरटे उरले नाही. मग त्यांनी 1990 नंतर देशभर ज्या रस्त्यांवरून मोटारीने जाऊन शिकारी पक्षी मोजले होते, तेच रस्ते 2000 साली पुन्हा धरले. सगळीकडे तेच.

आधी साथीचा रोग वाटला. कीटकनाशकाचा संशय घेऊन झाला. उन्हात प्रेत लगेच सडे, त्यामुळे तपासायला ताजा पक्षी मिळण्याची मारामार. अखेर उलगडा झाला पाकिस्तानात. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्याला मेलेल्या गिधाडांच्या आतड्या-काळजावर खडूच्या भुकटीसारखा युरिक आम्लाचा थर दिसला; म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेली. विषाणू नाही, शिसे नाही, कीटकनाशक नाही. मग सरळ गुराढोरांच्या औषधांची चौकशी सुरू केली, तेव्हा नव्याने खपू लागलेले एक वेदनाशामक हाती लागले: डायक्लोफिनॅक. हे त्यांनी 2004च्या जानेवारीत प्रसिद्ध केले. आजारी गाईला इंजेक्शन द्यायचे, ती दोन दिवसांत मरायची, आणि गिधाडांची पंगत त्या गाईवर बसायची. शंभर मेलेल्या जनावरांत एकाच्याही अंगात हे औषध असण्याची गरज नव्हती. त्याहून कमी प्रमाणातही गिधाडांचा निर्वंश होतो, असे गणिताने दाखवून दिले. कारण गिधाडीण वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिलाला वयात यायला पाच-एक वर्षे लागतात.

हे ऐकताना ताई उठून आत गेली आणि औषधांचा डबा घेऊन आली. गुडघेदुखीवर ती दोन वर्षे जी गोळी घेत होती, तिच्या वेष्टनावर हेच नाव होते.

"म्हणजे मी आता गुडघ्यांनी मरायचं की काय?"

"नाही गं आई! माणसाला चालतं. डॉक्टर सांगतील तसं घे," भाची म्हणाली. "जनावरांसाठी 2006 साली बंदी आली. पण माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या विकत घेऊन लोक गुरांना टोचायचे. म्हणून 2015 साली माणसांची बाटली तीन मिलिलिटरची केली. आणि 2023 साली अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी आली. गाईच्या अंगात गेलं की अ‍ॅसिक्लोफिनॅकचं डायक्लोफिनॅकच होतं. गुरांना मेलॉक्सिकॅम द्यावं, त्यानं गिधाडांना काही होत नाही."

भावोजी इतका वेळ वर्तमानपत्राआड होते. कारखाना बंद पडल्यापासून ते बोलतात कमी. त्यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि विचारले, "पण गिधाडं गेली तर माणसाचं काय अडलं?"

प्रश्न रास्त होता. मुंबईत मलबार हिलवर पारशांच्या दोखम्यांवर गिधाडे यायची बंद झाली आणि त्या समाजापुढे केवढा पेच पडला, हे आपण वाचले आहे. पण पारशी मूठभर. बाकीच्या देशात मेलेली जनावरे तशीच सडू लागली, ओढ्यानाल्यांत जाऊ लागली, भटकी कुत्री माजली. एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे, जिथे पूर्वी गिधाडे होती त्या भागांत 2000 ते 2005 या काळात सुमारे पाच लाख माणसे एरवीपेक्षा जास्त मेली. भावोजींनी तो आकडा दोनदा विचारून घेतला.

एवढे झाले तरी ताईचा निर्णय कायम होता. तिने फक्त एक सवलत दिली. भाची फेब्रुवारीत दोन दिवस म्हसळा तालुक्यात गिधाडांच्या घरट्यांच्या नोंदीला जाणार होती, अजून बिनपगारीच. "तू हिच्याबरोबर जा, आणि डोळ्यांनी बघून ये," ताई म्हणाली. अशा रीतीने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी हेर झालो.

माणगावावरून एस.टी.ने म्हसळा. तिथून आत रानात. पहाटे साडेपाचला मुलीने मला उठवले. एका बेहड्याच्या झाडावर जुने घरटे होते. काटक्यांचा मोडका पसारा, बाकी काही नाही. त्या झाडापासून बऱ्याच अंतरावर आम्ही बसलो. बोलायचे नाही. चहा नाही. दर अर्ध्या तासाने ती वहीत वेळ लिही, ढग किती, वारा कसा ते लिही, आणि शेवटच्या रकान्यात शून्य काढी. दहा वाजेपर्यंत मी नऊ शून्ये पाहिली. मधे माझा डोळा लागला होता, त्यामुळे दोन-तीन माझ्या हिशेबातून सुटलीही असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटच्या संध्याकाळी एखादे गिधाड येऊन त्या झाडावर उतरले असते, तर हा लेख अधिक रंगला असता. पण ते आले नाही.

परतताना मी तिला विचारले, "काही दिसलंच नाही, तर लिहायचं कशाला?"

तिने उलट मला विचारले, "मामा, तुझ्या आजोळची गिधाडं कोणत्या वर्षी गेली?"

मी आठवू लागलो. 1990 साली होती. दहावीच्या सुट्टीत होती की नव्हती? आजी गेली तेव्हा आम्ही ओढ्यापर्यंत गेलो होतो. तेव्हा आभाळाकडे पाहिल्याचे आठवत नाही. वीस वर्षे मी ज्या पक्ष्याच्या नावावर तास घेतला, तो माझ्याच गावातून कधी गेला हे मला सांगता येईना. मी मास्तर आहे. हजेरीपटावर नाव असलेल्या मुलाचीच गैरहजेरी लागते, हे मला तरी कळायला हवे होते.

ही विद्या चुकतच नाही असे नव्हे, हेही तिनेच सांगितले. भरतपूरलाच 1982 साली म्हशींना चरायला बंदी केली. गावकरी उठले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्या बंदीला सलीम अलींचाही पाठिंबा होता. आणि सोसायटीच्याच दहा वर्षांच्या अभ्यासाने पुढे दाखवले, की म्हशी नसल्याने गवत माजून पाणी भरून येते आणि पाणपक्ष्यांचीच जागा जाते. "मग तुम्ही ऐकायचं तरी कोणाचं?" मी विचारले. "वहीचं," ती म्हणाली, आणि एस.टी.च्या खिडकीला डोके टेकून झोपी गेली.

ठाण्याला परत आल्यावर मी ताईला खरे ते सांगितले. दोन दिवसांत एकही गिधाड दिसले नाही. मुलगी मन लावून काम करते. गावात तिला सगळे ओळखतात, राहण्याची सोय एका म्हातारीच्या घरी आहे आणि म्हातारी जेवायला आग्रह करते. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हप्ता तू भरणार आहेस का?" मी भरणार नव्हतो, आणि ते तिला ठाऊक होते.

बँकेची मुदत टळली. पत्र देव्हाऱ्याजवळून उचलून कपाटात गेले. भाची तिला मिळणाऱ्या मानधनातले थोडे घरी पाठवते. ते घेताना ताईचा हात आखडतो आणि न घेऊनही भागत नाही. भावोजींनी एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम धरले आहे. 2024च्या आरंभी हरयाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली वीस गिधाडे आपल्या ताडोब्याला आणि पेंचला आणली, ही बातमी त्यांनी कुठल्याशा जुन्या अंकातून कापून काढली आणि मला टपालाने पाठवली. बरोबर चिठ्ठी वगैरे नव्हती.

यंदा गणपतीत मी ताईच्या सासरी, कोकणात गेलो होतो. चुलत दिरांची गाय विऊन चार दिवस झाले होते आणि तिला ताप होता. आरतीच्या ऐन वेळेला कोणीतरी गावातल्या औषधे देणाऱ्या माणसाला घेऊन आले. तो गोठ्यात शिरून सुई भरणार, इतक्यात ताई गुडघे सावरत पायरी उतरून गोठ्यात गेली. तिने त्याच्या हातातून बाटली घेतली, पदराने पुसली, चष्मा लावून दिव्याखाली धरली आणि एकेक अक्षर लावत नाव वाचू लागली. तो माणूस चकित होऊन तिच्याकडे पाहत राहिला. मग तिने फोन काढला.

"ऐक, मे-लॉ-क्सि-कॅम असं लिहिलंय. हे चालतं ना? ... बरं. ... हो, आरती व्हायचीय अजून. आणि काय गं, तुझं पुढच्या वर्षाचं पत्र आलं का?"

पत्र आले नव्हते. प्रकल्पाची मुदत येत्या फेब्रुवारीत संपते.